गाडी कोणती?

‘गाडी लागली’ या दोन शब्दांचा अर्थ काय, असं मी दरवर्षी नववीच्या वर्गाला विचारायची. बसस्थानकाच्या मागच्या वस्तीतली मुलं सांगत, ‘एसटी फलाटाला येऊन उभी राहिली.’ औट्रम घाटातून चाळीसगावला मामाकडे जाणारी मुलगी म्हणे, ‘बाई, उलटी झाली.’ मागच्या बाकावरून आवाज येई, ‘धडकली! गाडीला गाडी लागली.’ आणि ज्याचे वडील ड्रायव्हर होते तो मुलगा अगदी गंभीरपणे सांगे, ‘गाडी कंपनीला लागली, म्हणजे महिन्याचा पगार सुरू झाला.’ वाळूजच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करायला करारावर घेतलेल्या गाडीबद्दल तो बोलत असे. चौघांचंही उत्तर बरोबर. चौघांच्या डोळ्यांपुढे गाड्याही वेगवेगळ्या.

छत्रपती संभाजीनगरच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पण हा शब्द माझ्या मागे लागला तो त्याच्या फार आधीपासून. मी फुलंब्री तालुक्यातल्या एका खेड्यातल्या सुताराची लेक. आमचे अण्णा गाड्या बनवायचे. आता कुणाला हे सांगितलं की विचारतात, ‘कोणत्या गाड्या?’ तेव्हा गावात हे कुणी विचारलं नसतं. गाडी म्हणजे गाडी. दोन बैल, दोन चाकं. ‘बैलगाडी’ हा शब्द अण्णांच्या तोंडून मी ऐकल्याचं आठवत नाही. तो मला शाळेच्या पुस्तकात भेटला, आणि वाचताना विचित्र वाटला, कारण गाडीला बैल नाही तर दुसरं काय असणार?

या शब्दाची सगळी गोष्ट मला त्या एका विशेषणात दिसते. जी गाडी रोजच्या पोटापाण्याची, तिला लोक नुसतं ‘गाडी’ म्हणतात. बाकीच्यांना ओळख पटवून द्यावी लागते: आगगाडी, घोडागाडी, मोटारगाडी. नवी आली की ती आधी जोडनावानं येते, हळूहळू घरची होते, मग पुढचा शब्द गळून पडतो आणि ती नुसती गाडी होते. आणि जी मूळची गाडी, तिच्यावर मात्र स्वतःच्याच नावापुढे ‘बैल’ लावून घ्यायची वेळ येते.

ती मूळची गाडी बनायची कशी, ते आधी सांगते, कारण ते बघितलेली माणसं आता कमी होत चालली आहेत.

चाकाची सुरुवात तुंब्यापासून. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला जाड ठोकळा, बाभळीचा. लाकूड आलं की अण्णा त्याला लगेच हात लावत नसत, ते सावलीत वाळत पडायचं. ओल्या लाकडाचा तुंबा केला तर उन्हाळ्यात लाकूड आटतं, आरे खुळखुळायला लागतात आणि गाडीवाला भर रस्त्यात सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तुंब्याला भोकं पाडून त्यात बारा आरे ठोकायचे. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर सहा पुठ्ठे बसवायचे. पुठ्ठे म्हणजे घेराचे वाकडे तुकडे, एकेका पुठ्ठ्यात दोन आरे. एवढं झालं की चाक गोल दिसायला लागतं, पण ते अजून रस्त्यावर न्यायच्या लायकीचं झालेलं नसतं. इथून पुढे लोहार लागतो.

लोहार लोखंडी पट्टीचं कडं करतो. हीच धाव. ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायची, आणि किती लहान, हे तो डोळ्यांनी आणि दोरीनं ठरवायचा. मग गोवऱ्यांच्या आगीत धाव लालबुंद होईपर्यंत तापवायची. तापलं की लोखंड वाढतं. दोन-तीन माणसं सांडशीनं ती उचलून जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर टाकत, घणानं ठोकून खाली बसवत, आणि लाकूड पेट घ्यायच्या आत आम्ही पोरं भरून ठेवलेल्या घागरी त्यावर ओतायचो. वाफेनं कुणाचं तोंड कुणाला दिसेनासं होई. आणि त्या वाफेत लाकूड करकरायला लागे. लोखंड आकसत असतं, सहा पुठ्ठे एकमेकांत घुसत असतात, बाराही आरे तुंब्यात आणखी खोल जात असतात. एवढ्या मोठ्या चाकात खिळा एकसुद्धा नसे. सगळं त्या एका धावेनं आवळून धरलेलं. पुढे शाळेत विज्ञानाच्या बाईंनी उष्णतेनं धातूचं प्रसरण शिकवलं तेव्हा मला ते पहिल्या वाक्यालाच कळलं.

गाडीच्या साट्याखाली, म्हणजे सांगाड्याखाली, बांबूचा एक नळा टांगलेला असायचा. त्यात वंगण: एरंडेलात मुरलेल्या काळ्या चिंध्या. आस कुरकुरायला लागला की वाटेत थांबून चाकाला वंगण द्यायचं. त्या नळ्याला स्वतःचं काम असं थोडंच, पण गाडा पंढरपूरला निघाला की तोही पंढरपूरला. ‘गाड्याबरोबर नळ्याला यात्रा’ ही म्हण तिथून आली. मोठ्यांच्या मागे लागून एखाद्याचं आयतं भलं झालं की आजही लोक ही म्हण वापरतात, पण नळा म्हणजे पाण्याचा नळ असंच बहुतेकांना वाटतं. वर्गात मी फळ्यावर गाडीचं चित्र काढून खाली नळा लटकवायची, तेव्हा कुठे म्हण कळायची.

आता या शब्दाचं मूळ. संस्कृतात वाहनाला शब्दांची वाण नव्हती. वेदांत रथ आहे आणि अनस् आहे. रथ लढणाऱ्याचा आणि देवांचा, अनस् ओझ्याचं. अनस् ओढतो तो अनड्वान्, म्हणजे बैल. रथ घडवणाऱ्या रथकाराला वैदिक काळात मान होता, त्याला अग्न्याधानाचा अधिकार दिल्याचे उल्लेख आहेत. हे मी अण्णांना वाचून दाखवलं होतं. त्यांना त्याचं फार नवल वाटलं नाही. वेरूळचं दहावं लेणं आमच्या लोकांत विश्वकर्म्याचं म्हणूनच ओळखलं जातं, त्याला ‘सुतार की झोपडी’ असंही म्हणतात. लेणं बौद्ध, आत बुद्धाची भव्य मूर्ती, पण छताच्या दगडात लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्या आहेत. अण्णा तिथे गेले की मूर्तीला हात जोडत आणि मग मान वर करून वाशांमधलं अंतर बघत बसत. दगडात काम करणाऱ्यानं लाकडातलं काम आठवून केलंय, हे त्यांना ताबडतोब दिसायचं.

संस्कृतातला तिसरा शब्द शकट. कृष्णानं लाथ मारून उलथवला तो शकटासुर गाडीच्या रूपातला राक्षस. शकट मोठा, शकटिका लहान. मातीची शकटिका म्हणजे मृच्छकटिक. शूद्रकाच्या त्या नाटकाचं नाव लहान मुलाच्या खेळण्यावरून पडलं आहे: शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून नायक चारुदत्ताचा मुलगा आपल्या मातीच्या गाडीला नाक मुरडून रडतो, आणि नायिका वसंतसेना आपले दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत घालते. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक संगीत मराठीत आणलं. माझ्या मते गाडीबद्दल इतकं समजून कुणी लिहिलेलं नाही, कारण नाटकाचा सगळा पेचही दारात उभ्या असलेल्या चुकीच्या गाडीत बसण्यावरच उभा आहे. वसंतसेना खलनायक शकाराच्या गाडीत बसते, तुरुंगातून पळालेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत. ‘कोणती गाडी?’ हा प्रश्न तेव्हाही एवढा महाग पडत होता.

पण आपली ‘गाडी’ यांतल्या कुणाचीच थेट लेक दिसत नाही. अमरकोशात बैलांनी ओढायच्या गाडीला ‘गंत्री’ असा एक शब्द आहे, गम् म्हणजे जाणे या धातूवरून. काहींनी गाडीचं मूळ तिथे नेलं. प्राकृत कोश मात्र दुसरं सांगतात. प्राकृतात ‘गड्डी’ आहे, आणि तो ‘देशी’ शब्द म्हणून नोंदला आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं ‘देशीनाममाला’ नावाचा कोश केला, तो अशाच शब्दांचा: लोकांच्या तोंडी आहेत, पण संस्कृतातून व्युत्पत्ती लावता येत नाही. मला हे दुसरं म्हणणं पटतं. रथ राजवाड्यातून आला, शकट पोथीतून. गाडी चिखलातून आली असणार. जे लोक ती बनवत आणि हाकत होते त्यांनीच तिला नाव दिलं, आणि ते पंडितांनी नंतर लिहून घेतलं. माझ्या गावापासून दिवसभराच्या वाटेवर पैठण आहे. तिथे सातवाहनांच्या काळी महाराष्ट्री प्राकृताला राजाश्रय होता. लोकांच्या बोलीला मान देण्याची आमच्या गोदाकाठची सवय जुनी आहे.

पुढे हा शब्द देशभर पसरलेला दिसतो. पंजाबीत अजूनही गड्डी, गुजरातीत गाडी, हिंदीत आणि बंगालीत ‘ड’ जिभेवर वळवून, नेपाळीतही तोच. फक्त आपल्या पूर्वेच्या सीमेला त्याला शेजारीण भेटते. नांदेडच्या तेलंगणकडच्या कडेला आणि विदर्भात ‘बंडी’ म्हणतात, तो तेलुगूतून आलेला. तेलुगूत बंडी, तमिळात वंडी, आणि गंमत अशी की त्यांनीही तेच केलं जे आपण केलं: बैलगाडीचं नाव मोटारसायकलला दिलं. इंग्रजांची ‘कार’ लॅटिनमधून आली, लॅटिननं ती गॉल लोकांकडून घेतली, तेव्हा ती घोडे-बैलांनी ओढायची ओझ्याची गाडी होती. अरबीत आज मोटारीला ‘सय्यारा’ म्हणतात. कुराणात, यूसुफच्या गोष्टीत, सय्यारा म्हणजे वाटसरूंचा काफिला. बहुतेक ठिकाणी माणसांनी नवं यंत्र जुन्या वाटेवरूनच घरात घेतलं.

मराठीनं आणखी एक गोष्ट केली. गाडा आणि गाडी वेगळे ठेवले. सुरा-सुरी, लोटा-लोटी तसंच हे, पण नुसता आकाराचा फरक नाही. गाडा ओझ्याचा. तोफेचा गाडा असतो, उसाचा असतो, कणसांचा असतो. म्हणून ‘संसाराचा गाडा’ म्हणतात. ‘संसाराची गाडी’ म्हणणारं माणूस बहुधा नुकतं लग्न झालेलं असतं. लहान मूल उभं राहायला लागलं की त्याला तीन चाकांचा पांगुळगाडा देत. अण्णा ते उरल्यासुरल्या लाकडात बनवायचे, त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. रस्त्यावर भजी तळणाऱ्याचा तो गाडा, त्याची हातगाडी असली तरी. आमच्या शहरात शहागंजला आणि गुलमंडीला ‘गाड्यावर खाल्लं’ म्हटलं की कुणी चाकाखाली सापडल्यासारखं बघत नाही. शेवटच्या प्रवासाला मात्र लोकांनी गाडीही ठेवली नाही आणि गाडाही. तिथे नगरपालिकांनी ‘वैकुंठरथ’ लिहिलं.

खानदेशात, आणि खानदेशाला लागून असलेल्या आमच्याकडच्या काही गावांत, जत्रेत बारागाड्या ओढतात. एकामागे एक बांधलेल्या गाड्या, त्यांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली, पुढे भगत, त्याच्या दोन बाजूंना बगले, आणि ढोल. भगत ओढायला लागतो, मागून लोक रेटतात, आणि बाराही गाड्या धूळ उडवत निघतात. यात अपघातही होतात, माणसं चाकाखाली आली आहेत. मला लहानपणी त्या दिवशी भगतापेक्षा चाकांचीच काळजी वाटायची, कारण त्यांतली काही आमच्या अंगणातली असायची.

मग आली आगीची गाडी. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे निघाली: 14 डबे, सुमारे 400 पाहुणे, ओढायला तीन इंजिनं. इतकं अवाढव्य, आणि तरी मराठीनं त्याला ‘गाडा’ न म्हणता ‘आगगाडी’ म्हटलं. आगबोट, आगपेटी, आगगाडी, एकाच काळच्या या बहिणी. गाडा आपण ओढतो. जिच्यात आपण बसतो आणि जी आपल्याला नेते ती गाडी, असा तो हिशेब असावा.

आमच्याकडे आगगाडी यायला 1900 उजाडावं लागलं. निझामाच्या राज्यातली मनमाड ते सिकंदराबाद ही लाईन त्या सुमारास पुरी झाली, आणि तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आमच्या शहरात, स्टेशन झालं. मीटर गेज. लोक म्हणत ‘छोटी लाईन’. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून मोठ्या लाईनची गाडी धरायची, बोचकी डोक्यावर, पोरं कडेवर. नव्वदच्या दशकात इथे रुंद रूळ आले, तोवर मनमाडची ती धावपळ मराठवाड्याच्या तीन-चार पिढ्यांनी केली. ‘गाडी चुकली’ हा शब्दप्रयोग रेल्वेनं दिला. त्याच्याआधी गाडी चुकूच शकत नव्हती, ती आपली असायची, आपण बसल्याशिवाय निघत नसायची. वेळेवर सुटणारी, कुणासाठी न थांबणारी गाडी ही नवी गोष्ट होती, आणि तिनं भाषेत केवढी भर टाकली! ‘गाडी रुळावर आली’, ‘गाडी घसरली’, ‘गाडी पुढं सरकेना’. तब्येत, धंदा, भाषण, लग्नाची बोलणी, सगळ्यांना रूळ मिळाले. ज्यांच्या गावाला आजही रेल्वे नाही तेही म्हणतात, ‘आता कुठं गाडी रुळावर आली बघा.’

बसचंही आमच्याकडे वेगळंच. एसटीची पहिली बस 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला गेली, तेव्हा आम्ही अजून निझामाच्या राज्यात होतो. तिथे 1932 सालीच रेल्वे खात्यानं 27 बस घेऊन बससेवा सुरू केलेली होती. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्याला जोडला गेल्यावर आमचे रस्ते एसटीच्या हद्दीत आले, आणि ‘गाडी’ या शब्दाला खेड्यात तिसरा मालक मिळाला. ‘गाडी गेली का?’ असं चावडीपाशी विचारलं तर त्याचा अर्थ एसटी गेली का, एवढाच. संध्याकाळी येऊन रात्रभर गावात थांबणारी ती मुक्कामी गाडी. तिच्या ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाची चिंता गावाला असे, आणि सकाळी तिच्या पहिल्या हॉर्नवर अर्धं गाव उठे. माझं कॉलेज त्या गाडीनं केलं. आमच्या गावातल्या ज्या मुली शिकल्या त्या सगळ्या त्या गाडीनंच. म्हणून कुणी एसटीला ‘डबडं’ म्हटलं की मला अजून लागतं.

शहराच्या तोंडी मात्र गाडीचा अर्थ बदलला तो कारखान्यांनी. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं, जी कालपर्यंत बापाची गाडी जुंपत होती, ती हातात डबा घेऊन कंपनीच्या गाडीसाठी चौकात उभी राहायला लागली. माझा एक मावसभाऊ त्यांच्यातला. त्यानं स्कूटर घेतली तेव्हा पेढे वाटले आणि सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं, ‘गाडी घेतली.’ अण्णांना पहिल्यांदा कळेना. ते म्हणाले, ‘बैल कुणाचे?’ थट्टा नव्हती ती. त्या घरात ‘गाडी घेतली’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न तोच असायचा.

तेव्हा स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. ‘चेतक’ला तर फारच. ते नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. घोडागाडी संपत आली तेव्हा घोडा स्कूटरवर जाऊन बसला. पुढे मोटारसायकली आल्या, शोरूम झाले, कर्ज मिळायला लागलं. आता संभाजीनगरात ‘गाडी’ म्हणजे आधी दुचाकीच. चारचाकीला ‘फोरव्हीलर’ म्हणून वेगळं सांगावं लागतं. ‘गाडी काढ’, ‘गाडी लाव’, ‘गाडी देतो का पाच मिनिटं’, यांतली एकही गाडी चार चाकांची नाही.

आणि इथे मराठीचं एक बारीक काम बघण्यासारखं आहे. शब्द एकच ठेवला, पण त्याच्या मागे-पुढे जे येतं त्यानं गाडी कोणती ते ऐकणाऱ्याला चटकन कळतं. ‘गाडीवर आलो’ म्हटलं की दुचाकी. ‘गाडीत आलो’ म्हटलं की कार. ‘गाडीनं आलो’ म्हटलं की एसटी नाहीतर रेल्वे, म्हणजे तिकीट काढून. गाडी जुंपली ती बैलांची. गाडी सुटली ती स्टेशनातून. ‘गाडी सोडली’ म्हणजे शेतकऱ्यानं बैल मोकळे केले, पण तेच पोलिसानं केलं तर पावती न फाडता जाऊ दिलं. ‘गाडी हाण’ हे आमच्याकडे बैलाला, ट्रॅक्टरला आणि बुलेटला सारखंच लागू आहे. परभाषक माणसाला मराठी शिकवताना मला विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं समजावणं जड जायचं. मग मी वर, त आणि नं या तिघांना गाडीला जोडून दाखवायला लागले, आणि ती माणसं लगेच शिकली. पोथीतली विभक्ती पोटातून कळायला अशी एक रोजची वस्तू लागते.

ऑक्टोबर 2010 मध्ये आमचं शहर देशभरच्या बातम्यांत झळकलं. इथल्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी, व्यावसायिकांनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज एकदम घेतल्या, सुमारे 65 कोटी रुपयांच्या. बाहेरच्यांना वाटलं हा श्रीमंतीचा देखावा. इथे राहणाऱ्यांना त्यातलं दुसरंही दिसत होतं: या भागात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या माणसांनी, आमच्याकडेही बघा, असं म्हटलं होतं. तेव्हाही घराघरांत बोलणं एवढंच झालं, ‘अमक्यानं गाडी घेतली.’ शब्द तोच, जो मावसभावानं स्कूटरसाठी वापरला आणि त्याच्या आज्यानं अण्णांकडून घेतलेल्या साग-बाभळीच्या दोन चाकांसाठी वापरला होता. शब्दानं कुणाला मोठं केलं नाही, कुणाला लहानही केलं नाही. मला मराठीची ही समदृष्टी फार आवडते.

मला टोचतं ते वेगळंच. ‘गाडी’ शब्दाला काही होणार नाही, तो आणखी हजार वर्षं जगेल. मरत आहेत ते त्याच्या अंगाखांद्यावरचे शब्द. तुंबा, आरे, पुठ्ठा, धाव, साटा, जू, शिवळा, जोतं. माणसं बसायची ती हलकी दमणी, लहान तो छकडा. उसाच्या फडावर आज जी गाडी दिसते तिला रबरी चाकं आहेत, तिचं नाव टायरगाडी, आणि तिला सुतार लागत नाही. अण्णांच्या वयाचे जे सुतार-लोहार अजून आहेत, त्यांच्यापाशी बसून एकेका भागावर बोट ठेवून त्याचं नाव लिहून घ्यावं लागेल, आणि गावागणिक ते नाव बदलतं, म्हणून गावागणिक. मी फुलंब्री आणि खुलताबाद या दोन तालुक्यांपुरतं ते करते आहे. पानाच्या डाव्या बाजूला चित्र, उजव्या बाजूला नाव, खाली सांगणाऱ्याचं गाव. एका म्हाताऱ्या लोहारानं धाव चढवताना पाणी आधी कुठल्या बाजूला ओतायचं आणि का, हे जमिनीवर काडीनं काढून दाखवलं. हे अण्णांनाही माहीत नसावं. ते काम त्यांचं नव्हतं.

आणि नवे शब्दही जोडले जातच आहेत. बिडकीन-शेंद्र्याकडे विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या कारखान्यांच्या घोषणा झाल्या आहेत. आमच्या गल्लीत त्या स्कूटर आल्याही. त्यांना सुरुवातीला लोक ‘चार्जिंगची गाडी’ म्हणत, आता चार्जिंग गळायला लागलंय. शेजारची मुलगी रात्री जिन्यातून वायर सोडते आणि आईला ओरडून सांगते, ‘गाडी लागली!’ म्हणजे प्लगला. आमच्या वर्गात त्या दोन शब्दांचे चार अर्थ निघायचे. हा पाचवा आहे, आणि पुढच्या महिन्यात शाळेत पाहुणी म्हणून बोलावलंय तेव्हा मुलांकडून सहावा मिळतो का ते विचारणार आहे.